बाबांनी न केलेलं प्रवचन

शिंप्यानं तो प्रश्न विचारला नसता, तर बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्या रविवारी दुपारी सगळं कुटुंब जमलंही नसतं. आई गेली तेव्हापासून ही माणसं एका खोलीत अशी बसली नव्हती.

शिंपी आला होता शुक्रवारी. धापा टाकत जिना चढला, टीव्ही स्टेशनच्या दारात कठड्याला धरून उभा राहिला आणि त्यानं वहिनीला विचारलं, "रेडिओवाले हयात आहेत का?"

वहिनी वीस वर्षं प्रेक्षकांची पत्रं आणि फोन सांभाळत होती. कुणाला प्रार्थनेची वेळ हवी असायची, कुणाला आजारी माणसासाठी दोन शब्द. स्टेशन काढण्याआधी तिच्या सासऱ्यांचं, बाबांचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून जुनी माणसं त्यांना अजून 'रेडिओवाले' म्हणत; पण ते हयात आहेत का, हे मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

"असं काय विचारता? रोज सकाळी सहाला दिसतात की."

"तेच म्हणतोय मी. मंगळवारी दिसले तेव्हा अंगात मी शिवलेला तपकिरी कोट होता. मध्येच तुम्ही दिवा दाखवलात. दिवा गेला, तर कोटाला वेगळी बटणं. पुन्हा दिवा, पुन्हा जुनी बटणं. ती बटणं मीच बदललीयत, बाई. सतरा वर्षं झाली. एका प्रवचनात माणूस सतरा वर्षं मागेपुढे कसा होतो?"

वहिनीनं 'आमचे हे आत्ता बाहेर गेलेत, त्यांनाच विचारा' म्हणून वेळ मारून नेली. शिंपी गेल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि दादाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

म्हणून रविवारी दादानं स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं. खालची भट्टी थंड होती, तरी भिंतींमध्ये आठवडाभराची ऊब मुरलेली होती. पावाचा वास तर पडद्यांतून, खुर्च्यांतून, केबलच्या वेटोळ्यांतून कधी गेलाच नव्हता. आत्या निवेदिकेच्या खुर्चीत बसली होती. ती खुर्ची आता कुणी वापरत नसे, पण आत्या आली की दुसरीकडे बसायची नाही. चाळीस वर्षांपूर्वी या स्टेशनवरचा पहिला शब्द तिच्या तोंडून गेला होता.

जोडणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर, अर्धी आत आणि अर्धी बाहेर, दादाची बहीण कात्री बसली होती. प्रार्थनेच्या ध्वनिफिती खरोखरीच्या कात्रीनं कापून चिकटवायच्या काळात तिला हे नाव पडलं. आता फिती गेल्या, सगळी कापाकापी बटणांवर होते, ती सेहेचाळीस वर्षांची झाली, तरी नाव तेच राहिलं.

"पुढच्या महिन्यात स्टेशनचा चाळिसावा वाढदिवस," दादा म्हणाला. "लोक येणार. बाबांना भेटायचं म्हणणार. आणि त्याआधी हा शिंपी गावभर बटणं मोजत फिरणार. काय करायचं बोला."

"आजारी आहे म्हणून सांगून टाका," आत्या म्हणाली. "आजारपणाला कुणी पुरावा मागत नाही."

"आणि कुणी भेटायला घरी गेलं म्हणजे? बाबा अंगणात घड्याळं उघडून बसलेले असतात. ठणठणीत." दादा खुर्ची ओढून बसला. "माझं म्हणणं वेगळं आहे. बाबांना दोन मिनिटं इथे आणायचं. थेट. नुसते हात जोडायचे, बोलायचंही नाही. लोकांनी पाहिलं म्हणजे तोंडं बंद."

"तो यायचा नाही," आत्या म्हणाली.

ते सगळ्यांनाच माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ कात्रीच्या डोळ्यांसमोर अजूनही एखाद्या स्वप्नासारखी यायची, आवाज नसलेल्या स्वप्नासारखी. बाबा कॅमेऱ्यासमोर बसले होते, हातात एका बाईचं पत्र. त्यांनी ते वाचून दाखवलं. तिचं मूल गेलं होतं आणि तिनं एवढंच विचारलं होतं, माझं मूल आता कुठे आहे? बाबांनी पत्र मांडीवर ठेवलं. तोंड उघडलं, मिटलं. काचेच्या पलीकडून कात्री बघत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाबांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. पायाखालची पायरी मोजायला चुकलेल्या माणसासारखे ते दिसत होते. चौथ्या मिनिटाला तिनं पडद्यावर दिव्याचं दृश्य टाकलं. त्या दिव्याआड बाबा उठले, कॉलरचा माईक काढून खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरून घरी गेले. "माझ्याकडचं संपलं," एवढंच म्हणाले. पुन्हा ते स्टेशनची पायरी चढले नाहीत, घरातला टीव्हीही त्यांनी लावू दिला नाही.

'जुनी प्रवचनं लाव,' दादा तेव्हा कात्रीला म्हणाला होता, 'आठवडाभरात ताळ्यावर येतील.' आठवड्याचे महिने झाले. तीच तीच प्रवचनं ऐकून लोकांची पत्रं येऊ लागली, मग कात्रीनं एका प्रवचनाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लावायला सुरुवात केली. सांधा दिसू नये म्हणून मध्ये दोन सेकंद दिवा.

दादाला एवढंच माहीत होतं.

"मला विचाराल तर खरं सांगा," वहिनी एकदम म्हणाली.

दादानं तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही घरातलं कपाटच बोललं. "काय खरं? जुनी प्रवचनं दाखवतो, एवढंच ना? त्यात गुन्हा काय आहे?"

"ती जुनी नाहीत, अहो." वहिनीनं कात्रीकडे पाहिलं. त्या नजरेत माफी होती, आणि आता मागे फिरायचं नाही असंही काही होतं. "पत्रं मी वाचते. लोक ज्या गोष्टींबद्दल लिहितात, त्या बाबा कधी बोललेच नव्हते. म्हाताऱ्या नवऱ्यावर चिडणाऱ्या बायकांबद्दल ते बोलले होते कधी? देवावर रुसलेल्या माणसांबद्दल? तीन वर्षं झाली मला कळून. मी बोलले नाही, कारण पत्रं... पत्रं फार चांगली यायला लागली होती."

दादा हळूच बहिणीकडे वळला. "कात्री?"

"शब्द बाबांचेच आहेत," ती म्हणाली.

"आणि वाक्यं?"

तिच्या मागे, जोडणीच्या खोलीत, छतापर्यंत फडताळं होती. त्यांत बाबांची चौतीस वर्षं उभी होती, आणि तिच्या टेबलावर वह्या. कुठल्या दिवशी, कितव्या मिनिटाला बाबा 'पाणी' म्हणाले, 'उशीर' म्हणाले, 'बाळ' म्हणाले, ते तिनं लिहून ठेवलं होतं. दुपारी सगळे जेवायला गेले की ती त्या खोलीत बसायची. बाबांचा आवाज तिच्याभोवती तुकड्यातुकड्यांनी तरंगायचा, तरुण बाबा, पिकल्या केसांचे बाबा, सर्दी झालेले बाबा. त्यातून ती एक एक शब्द अलगद उचलायची. आपण खोटं काही करतोय असं तिला कधी वाटलं नाही. बाबांशी गप्पा मारतोय, असंच वाटायचं.

"सहा वर्षं," दादाचा आवाज चिरकला. "सहा वर्षं तू बाबांच्या नावावर स्वतःचं खपवत होतीस? आणि मी दारोदार सांगत फिरतोय, वडिलांची परंपरा जपतोय म्हणून!"

"ओरडू नकोस तिच्यावर," आत्या म्हणाली. मग तीच कात्रीवर उखडली. "पण अगं, देवाच्या नावानं चालणारं ठिकाण आहे हे! मी पहिल्या दिवशी इथे उभी राहिले तेव्हापासून छातीठोकपणे सांगते—"

काय सांगते ते राहूनच गेलं. दारावर थाप पडली होती. एक, मग जरा थांबून दोन. अशी थाप घरात एकच माणूस द्यायचा.

दादानं दार उघडलं. बाहेर बाबा उभे होते, बाह्या दुमडलेल्या, बोटांना घड्याळाचं तेल. त्यांच्या मागे, एक पायरी खाली, शिंपी.

"हे काल घरी आले होते," बाबा म्हणाले. "मी जिवंत आहे का बघायला. मी म्हटलं, आहे. तर माझे हात धरून रडायला लागले. मंगळवारच्या प्रवचनाबद्दल आभार मानायला लागले." ते आत आले. सहा वर्षांनी ते त्या खोलीत उभे होते. त्यांनी वर दिव्यांकडे पाहिलं, भिंतीला ठोकलेल्या जुन्या गोधड्यांकडे पाहिलं. आवाज घुमू नये म्हणून त्या आईनं शिवल्या होत्या. "रात्रभर विचार केला. मंगळवारी मी काय बोललो, मला बघायचंय."

"बाबा, बसा आधी," दादा म्हणाला. "मी सांगतो सगळं."

"सांगू नकोस. दाखव."

कात्री उठली. पहिल्यांदा तिला बटणच सापडेना. बाबा तिच्या खुर्चीत बसले, शिंपी दाराशी. बाकीचे उंबऱ्यापाशी दाटीवाटीनं उभे राहिले, एकमेकांचे श्वास मानेवर लागतील इतके जवळ.

पडद्यावर तपकिरी कोटातले बाबा आले. ओळखीचं, जरासं तिरपं हसू. ते बोलू लागले.

"गेलेलं माणूस कुठे जातं, मला माहीत नाही. मी शोधलं. मला सापडलं नाही." दिवा. "पण त्याचं ताट मांडायची सवय हाताला राहते. त्या सवयीला हसू नका." दिवा. "एखादे दिवशी मांडा ते ताट. जेवा त्याच्यासमोर बसून. देव रागावणार नाही. तोही कुणाची तरी वाट बघत बसलेला असेल."

"थांबव," बाबा म्हणाले. "पुन्हा लाव. पहिलं वाक्य."

तिनं लावलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा. पडद्यावरचे बाबा तीनदा म्हणाले, मला माहीत नाही. खुर्चीतले बाबा पुढे झुकून ऐकत राहिले, बिघडलेल्या रेडिओला कान लावून ऐकायचे तसे.

"हे मी कधी म्हणालो?"

"नाही म्हणालात." तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "'मला' या कोटातलाच आहे. 'माहीत' तुमच्या दुकानाच्या गोष्टीतला, बाराव्या वर्षातला. 'नाही'ला फार शोधावं लागलं, बाबा. तुम्ही 'नाही' नेहमी जोरात म्हणता. पाप करायचं नाही, खोटं बोलायचं नाही. मला साधा 'नाही' हवा होता. शेवटी एकदा मध्यंतरात कुणी तुम्हाला चहा विचारला होता, त्याला म्हणालात तो घेतला."

वहिनीला हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात धरला. बाबाही हसले.

"त्या दिवशी एवढेच तीन शब्द हवे होते मला," ते म्हणाले. "निघेनात तोंडातून. चौतीस वर्षं 'मला माहीत आहे' म्हणत आलेल्या माणसाला ते जड जातात. ती बाई पडद्यासमोर बसलेली असणार, आणि मी नुसता..." ते कात्रीकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि चेहरा तांबडा. "राग आलाय मला तुझा. न विचारता माझं तोंड वापरलंस. सहा वर्षं! मी पलीकडच्या गल्लीत राहतो, चंद्रावर नाही. येऊन विचारायचं होतंस."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"असतोच. आणि ते माझ्यापेक्षा बरं बोललीस, त्याचाही राग आलाय. दोन्ही ध्यानात ठेव."

दाराशी शिंपी खाकरला. त्याच्याकडे कुणाचं लक्षच राहिलं नव्हतं. हातातली टोपी तो फिरवत होता.

"म्हणजे मंगळवारी माझ्याशी बोललं कोण?"

"मी," कात्री म्हणाली.

शिंपी तिच्याकडे वळला. "बायको थंडीत गेली माझी. त्या दिवशी मी ताट मांडलं. तिच्या फोटोला म्हटलं, बघ, रेडिओवाल्यांनासुद्धा माहीत नाही, मग आपण कशाला जिवाला लावून घ्यायचं. बरं वाटलं होतं हो." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "आता काय वाटतंय ते कळत नाही. आपला दोघांचा धंदा एकच म्हणायचा, कापायचं आणि जोडायचं. पण मी दुसऱ्याच्या मापाचा कोट शिवतो तेव्हा त्याला अंगावर घालून बघायला बोलावतो. तुम्ही कुणालाच बोलावलं नाहीत."

पहिल्यांदाच कुणी ऐकणारा तिच्यासमोर प्रत्यक्ष उभा होता, आणि हातात एकही वही नव्हती. "चुकलं माझं," ती म्हणाली. शिंप्यानं मान डोलावली आणि तो जिना उतरून गेला. त्याच्या पावलांचा आवाज तळापर्यंत ऐकू आला.

"उद्या सकाळी सहाला थेट," बाबा म्हणाले. "ही बसेल. स्वतःच्या तोंडानं सांगेल."

"मला जमायचं नाही, बाबा."

"स्टेशन बंद पडेल!" दादा एकदम उसळला. "तुम्ही उठून गेलात. ही काचेमागे बसली. लोकांसमोर मी उभा राहत आलो. बाबा कसे आहेत? छान आहेत. रोज नवीन कसं सुचतं त्यांना? देवाची कृपा. मीच सांगत आलो हे. उद्या ही खरं बोलणार आणि खोटा मी ठरणार."

बाबांनी मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जसं काही तो इतका पिकलाय हे त्यांना आत्ताच दिसत होतं. "खोटा तू नाहीस. मी सगळं तुझ्या गळ्यात टाकून पळालो," ते म्हणाले. "ते हिनं उद्या आधी सांगावं. माझं नाव घेऊन."

दादा खुर्चीत बसला आणि त्यानं चेहरा हातांत घेतला. वहिनी त्याच्याजवळ गेली, पण त्यानं तिचा हात खांद्यावरून बाजूला केला. मग जरा वेळानं तोच हात त्यानं शोधून धरला.

आणि आत्या उठली. कुणाशी न बोलता तिनं आपली खुर्ची ओढत कॅमेऱ्यासमोर आणली, मागेपुढे सरकवली, मान वाकडी करून वरच्या दिव्यांचा अंदाज घेतला. "इथे बस," ती कात्रीला म्हणाली. "खांदे सोड. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, त्याच्या मागे कुणीतरी अंथरुणावर पडलंय, त्याच्याकडे बघायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी अकरा घरांत दिसत होतो आपण, आणि मी अकराही घरांत थरथरत होते."

सोमवारी पहाटे खाली भट्टी पेटली होती. ऊब जमिनीतून वर येत होती आणि कात्रीला वाटत होतं, आपण अजून झोपेतच आहोत. दिव्यांच्या उजेडात खोलीच्या कडा विरघळल्या होत्या. काचेमागे दादा उभा होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो आला होता, आणि त्यानंच बोटं वर केली. पाच. चार. तीन. शेवटची दोन बोटं त्यानं मुकाट्यानं मिटली.

"रोज या वेळी तुम्ही माझ्या वडिलांना ऐकता," ती म्हणाली. "सहा वर्षं ते बोललेले नाहीत."

पुढे ती काय बोलली, ते तिला नंतर नीटसं आठवेना. बाबांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे आधी त्यांचं सांगितलं, मग स्वतःचं. कुठे अडखळली, एक वाक्य दोनदा सुरू केलं, मध्ये एकदा थांबली. ते थांबणं तसंच्या तसं घराघरांत गेलं. कापायला कुणी नव्हतं. आपला आवाज अंगणांतून, स्वयंपाकघरांतून, आजाऱ्यांच्या उशांपाशी फिरतोय असं तिला जाणवत राहिलं, आणि तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

सातला वहिनीकडे फोन सुरू झाले. पहिल्या माणसानं शिव्या दिल्या. दुसऱ्यानं विचारलं, मग माझ्या आईसाठी प्रार्थना केलीत ती खरी की खोटी? वहिनी म्हणाली, "ती खरी. ती मी केली होती." एका बाईनं सांगितलं, यापुढे आमच्याकडे तुमचं स्टेशन लागणार नाही, आणि त्यानंतरही वीस मिनिटं ती बोलत राहिली. शिंप्याचा फोन आला नाही.

नऊच्या सुमारास कात्री खाली उतरली. बाबा बेकरीच्या दाराशी पाव घेऊन तिची वाट बघत होते. दोघं गल्लीतून चालू लागली. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं तिला पाहिलं आणि धाडकन खिडकी लावली. तिनं मान खाली घातली. बाबांनी पावाचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला, लहानपणी द्यायचे तसा, आणि काही बोलले नाहीत.

कोपऱ्यावरच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं दोघांना पाहिलं आणि हातातली ओली चादर तशीच धरून कठड्यावरून वाकली.

"सकाळी तूच होतीस ना गं?"

"हो."

"सासूबाई अंथरुणावर असतात आमच्या. त्यांना धड ऐकू आलं नाही." बाईनं चादर झटकली. "उद्या जरा मोठ्यानं बोल."